एग्दा, पाज्जण, धा रुपये

"पाच जण" असं कुणीच म्हणत नाही. लिहितो सगळे, पण बोलायला गेलं की "काल घरी पाज्जण जेवायला होते" असंच तोंडातून येतं. "एकदा" लिहितो आणि म्हणतो एग्दा. सात दिवस म्हणताना साद्दिवस होतं, हातगाडीची हाद्गाडी होते. आणि उलट्या बाजूने पण होतं हे, म्हणजे "वागतो" चं वाक्तो, "बघतो" चं बक्तो, "दूध तापलं का" चं दूत्तापलं का. हे फक्त आमच्या खान्देशात होतं असं नाही हां, पुण्यात होतं, नागपुरात होतं, टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई पण एग्दाच म्हणते, ती जरा सावकाश आणि ठळक बोलते म्हणून आपल्या लक्षात येत नाही एवढंच.

विश्वास बसत नसेल तर दोन बोटं गळ्यावर, कंठाच्या हाडावर ठेवा आणि आधी नुसतं "सात" म्हणून थांबा, मग "दिवस" म्हणा. "सात" च्या शेवटी गळा गप्प झालेला कळतो, "दिवस" सुरू झाला की परत थरथर सुरू. आता भरभर म्हणा, रोज बोलता तसं, "सात दिवसांनी ये". थरथर मधे थांबतच नाही. क, च, ट, त, प म्हणताना गळ्यातल्या स्वरतंत्री थरथरत नाहीत आणि ग, ज, ड, द, ब ला थरथरतात, बाकी जिभेची ओठांची जागा तीच, म्हणजे त आणि द मधला मोठा फरक म्हणजे ती थरथर. आणि आपण बोलतो किती वेगाने, सेकंदाला साधारण दहा-पंधरा ध्वनी, त्यात त साठी गळा बंद करायचा आणि निमिषात द साठी परत चालू करायचा ही कसरत शरीर करत नाही, ते पुढच्या द ची तयारी त च्या वेळीच सुरू करतं. वाक्तो मधे तेच पण उलट, पुढे त येणारे हे माहीत असतं म्हणून ग च्या वेळीच गळा गप्प होतो. म्हणजे बघा, बोलताना आपण नेहमी एक पाऊल पुढे असतो. जो ध्वनी अजून तोंडातून बाहेर आलेलाच नाही तो आधीच्या ध्वनीला बदलून टाकतो. मला या गोष्टीचं इतक्या वर्षांनंतर पण नवल वाटतं.

माझ्याकडे संध्याकाळी गल्लीतली आणि शेजारच्या वाडीतली पोरं अभ्यासाला येतात. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकाची मराठी, मोबाईलवर हिंदी. त्यांना मी शुद्धलेखन घालते तेव्हा त्यांच्या वह्यांमधे "एग्दा" सापडतो, "वाक्तो" सापडतो, "बिम्पगारी रजा" सापडते, एका मुलीने "शिंत्खेडा" लिहिलं होतं, धुळ्याकडचं शिंदखेडा. ख ला गळा गप्प असतो म्हणून आधीचा द त्याच्यासारखा झाला आणि तिने बरोब्बर तेच ऐकून लिहिलं. शाळेत अशा शब्दांवर लाल गोळा पडतो. लिहिताना "शिंदखेडा"च लिहायचं हे मी पण शिकवते, त्यात काही तडजोड नाही, कारण लिहिलेलं वाचणारा आपला आवाज ऐकत नसतो, त्याला शब्द सुटे सुटे ओळखू यायला पाहिजेत. पण त्या पोरीचा कान चांगला आहे हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे ना. ती ऐकते. आपण मोठी माणसं ऐकणं सोडून देतो, डोळ्यापुढे अक्षरं तरंगत असतात आणि आपल्याला वाटतं आपण तीच बोलतोय.

आणि हे काही अडाण्यांचं बोलणं नाही. पाणिनीने दोन हजार वर्षांपेक्षा जास्त काळापूर्वी हे सगळं सूत्रात बांधून ठेवलंय. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणाच्या पुस्तकात, आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादात "झलां जश् झशि" असं एक सूत्र आहे (8.4.53), त्याचा साधा अर्थ असा की पुढे ग, ज, ड, द, ब सारखं थरथरणारं व्यंजन आलं की मागचं पण थरथरणारं होतं. एग्दा झालं की हे! आणि दोनच सूत्रं पुढे "खरि च" (8.4.55), पुढे गप्प गळ्याचं व्यंजन आलं की मागचं पण गप्प. वाक्तो, दूत्तापलं, शिंत्खेडा. शाळेत आपण पाठ करतो आपद् अधिक काल आपत्काल, शरद् अधिक काल शरत्काल, सत् अधिक जन सज्जन, जगत् अधिक नाथ जगन्नाथ, आणि त्याला संधी म्हणतो, मार्क मिळतात. पोरगं "पाज्जण" म्हणालं तर त्याने पण संधीच केलेला असतो. पाणिनीची संधीची मूळ अट पण किती साधी आहे, "परः संनिकर्षः संहिता" (1.4.109), ध्वनी एकमेकांच्या अगदी जवळ येणं म्हणजे संहिता. जवळ आले की बदलणार. लांब लांब ठेवले की नाही बदलणार. बस.

अनुस्वाराचं तर आपल्याला रोज दिसतं पण आपण बघत नाही. लिहिताना एकच टिंब, पण अंगण म्हणताना ते ङ असतं, पंचमीत ञ, अंडं म्हणताना ण, संत म्हणताना न, आंबा म्हणताना म. पुढे जे अक्षर त्याच्याच जागेवर नाकातला आवाज जाऊन बसतो. परत पाणिनी, "अनुस्वारस्य ययि परसवर्णः". आणि टिंब नसलं तरी होतं ते. मार्केटला कापूस मोजणारा माणूस "दोन क्विंटल" म्हणतो त्यातला न नीट ऐका, जीभ पुढे दातांना लागतच नाही, ती मागे क पाशी जाऊन थांबलेली असते. "तीन पोरं" चं तीम्पोरं, "बिनपगारी" चं बिम्पगारी. "सिंह" तर आपण सिंव्ह म्हणतो, "संशय" म्हणताना मधे व सारखं काहीतरी नाकातून जातं. शिकवताना पोरांना मी आरशापुढे उभं करते आणि "दोन पोळ्या" म्हणायला लावते, न म्हणायच्या वेळी ओठ मिटलेले दिसले की ती ओरडतातच.

आता माझ्या फुईचं, म्हणजे आत्याचं, एक वाक्य सांगते. पाऊस सुरू झाला की ती ओट्यावरून आम्हाला हाक मारायची, "भायेर काय करी ऱ्हायनी व, मझार ये!" बाहेर काय करत्येस, आत ये. अहिराणीतलं अगदी साधं वाक्य, धुळे-अमळनेर-साक्रीकडे कुठल्याही घरात ऐकू येईल. पण त्याच्यातला एकेक शब्द शेजाराने घडलाय.

"भायेर" घ्या. बाहेर मधला ह कुठे गेला? गेला नाही, तो ब मधे जाऊन बसला आणि ब चा भ झाला. देवनागरीत ह ला स्वतंत्र अक्षर आहे म्हणून आपल्याला वाटतं तो क सारखा, त सारखा ठाम काहीतरी असणार, पण ह ला तोंडात स्वतःची अशी जागाच नसते, जीभ कुठे टेकत नाही, ओठ मिटत नाहीत, नुसता गळ्यातून येणारा श्वास. असा ध्वनी शेजारच्या व्यंजनात सहज मिसळतो. तसंच "ऱ्हायनी" मधे, राहिनी होतं, र आणि ह च्या मधला आ बाजूला झाला आणि दोघं एक झाले. दहाचं धा. "मन्हाकडे धा रुपया शेतस", माझ्याकडे दहा रुपये आहेत. बहिणीची भैन. लहानचा ल्हान, महागचं म्हाग. नवापूरच्या पलीकडे गुजरातेत गव्हाला घउं म्हणतात, तिथे पण ग आणि ह चा घ झाला.

आणि आता मला जे खरं सांगायचंय ते. "म्हैस" हा शब्द शुद्ध आहे की अशुद्ध? शुद्धच, पुस्तकात आहे, शब्दकोशात आहे. पण संस्कृत शब्द होता महिषी. त्यातला ह म ला चिकटला, मधला स्वर गळाला, म्हैस झाली. "म्हातारा" हा महत्तर वरून आलेला, तिथे पण तेच. म्हणजे महिषीची म्हैस झाली ते चालतं आणि बहिणीची भैन झाली की पोराला वर्गात उभं करायचं. क्रिया तीच आहे हो. तोंड तेच, श्वास तोच. एक बदल जुना झाला, लिहिण्यात पक्का झाला म्हणून त्याला मान मिळाला, दुसरा अजून बोलण्यातच आहे म्हणून तो गावठी ठरला. फरक वयाचा आणि पत्त्याचा आहे, शुद्धतेचा नाही. मला हे बोलून दाखवावंसं वाटतं कारण मी पोरांना गप्प होताना बघितलंय. घरी तोंड थांबत नाही असं पोर वर्गात दोन शब्दांवर येतं, कारण तिसरा शब्द भायेर असला तर सगळे हसतील.

फुईच्या वाक्यातला शेवटचा शब्द राहिला, "मझार". आत या अर्थाने. हा मध्य पासून आलाय. ध आणि य शेजारी आले, य म्हणताना जीभ टाळूकडे वर जाते, ध ला तिने आपल्याकडे ओढलं, आणि प्राकृतात मध्य चं मज्झ झालं. त्या मज्झ चं मराठीत माज झालं, माजघर म्हणतो ते, आणि अहिराणीत मझार. अद्य चं अज्ज आणि मग आज, संध्या ची संझा आणि मग सांज, नृत्य चं नच्च आणि मग नाच, विद्युत् ची विज्जू आणि मग वीज, सगळीकडे तो य काम करून गेलेला आहे आणि स्वतः दिसत नाही.

मराठीतले निम्मे घरगुती शब्द असे घडलेत असं म्हणावंसं वाटतं. दोन व्यंजनं शेजारी आली, एकाने दुसऱ्याला आपल्यासारखं केलं, जोडाक्षर दुहेरी झालं, पुढे दुहेरीचं एकेरी झालं आणि त्या बदल्यात आधीचा स्वर लांबला. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. दुग्ध, दुद्ध, दूध. भक्त, भत्त, भात. कर्ण, कण्ण, कान. सर्प, सप्प, साप. पर्ण, पण्ण, पान. आणि आमच्या सगळ्या जिल्ह्यांचं पोट ज्याच्यावर आहे तो कापूस, कर्पास होता, र प मधे विरला, कप्पास झाला, मग कापूस. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसतात, त्या आखाजीतला "आखा" पण अक्षय, प्राकृतात अक्खय, ष ने क ला श्वास दिला आणि आपण नाहीसा झाला.

हे नुसतं पुस्तकात नाही, दगडावर पण आहे आणि आमच्यापासून फार लांब नाही. अजिंठ्याला जळगावहून लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात, तिथली दहा नंबरची लेणी सगळ्यात जुन्यांपैकी, इसवीसनापूर्वीच्या काळातली. तिच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मीत दान देणाऱ्याचं नाव कोरलंय, "वासिठिपुतस कटहादिनो घरमुख दानं", म्हणजे वासिष्ठीचा मुलगा कटहादी याने दिलेलं दर्शनी भागाचं दान. वासिष्ठीपुत्र नाही, वासिठिपुत. ष्ठ मधला ष ठ मधे गेला, त्र मधला र त मधे गेला. दान देणारा माणूस ऐपतदार असणार, एवढी मोठी लेणी, त्याने आपल्या आईच्या नावाने स्वतःची ओळख कोरून घेतली आणि ती बोलण्यातल्या रूपात कोरली. माझ्याकडच्या एखाद्या पोराने वहीत "पुत" लिहिलं तर मला तो दगड आठवतो.

एक मात्र स्पष्ट सांगायला पाहिजे, आमच्या बोलीतलं सगळंच शेजाराने होत नाही. ळ चा य होतो ते वेगळं प्रकरण. जळगावचं जयगाव, धुळ्याचं धुये, पारोळ्याचं पारोया, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. इथे पुढे काय आहे मागे काय आहे याचा संबंध नाही, ळ दिसला की य. तसंच ण चा न, पाणीचं पानी, कोण चं कोन. हे बोलीचे स्वतःचे सरसकट बदल. लोक दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकतात आणि "अहिराणीत काहीही बोलतात" म्हणतात. काहीही कुणी बोलत नसतं. काळाचा काया होतो पण "लाल" चं "याय" कुणी करत नाही, ल जागच्या जागी असतो. नियम आहे तो, आणि चार वर्षांचं पोरगं तो न चुकता पाळतं.

बरं हे जे मी आत्तापर्यंत सांगितलं ते ठळक बदल झाले, एका अक्षराचं दुसरं अक्षर होण्याइतके. पण खाली, अक्षर बदलत नाही तिथे पण शेजार सतत चालू असतो. आरशात बघून "सी" म्हणा आणि मग "सू" म्हणा. सू म्हणताना ऊ यायच्या आधीच, स च्या वेळीच, ओठ गोल झालेले दिसतील. "की" आणि "कू" म्हणा, जीभ टाळूला कुठे लागते बघा, की ला ती बरीच पुढे लागते. दोन्हीकडे आपण क च लिहितो. म्हणजे तोंडात नुसता क कधी नसतोच, की मधला क असतो, कू मधला असतो, डाक मधला असतो. 1933 साली पाउल मेंझेराथ आणि अर्मांडो द लासेर्दा या दोघांनी याला कोआर्टिक्युलेशन असं नाव दिलं, सहउच्चारण म्हणूया. त्याच्या आधी लोक असं धरून चालायचे की एक ध्वनी, मग मधे थोडं सरकणं, मग दुसरा ध्वनी. तसं नसतं, एकाच वेळी दोन-तीन ध्वनींची कामं तोंडात चालू असतात.

आणि ऐकणाऱ्याचा कान पण याच हिशोबाने घडलाय. 1952 साली अमेरिकेत हॅस्किन्स लॅबोरेटरीजमधे लिबरमन, देलात्र आणि कूपर यांनी मशीनवर एक अगदी छोटा, फट् असा आवाज तयार केला आणि तोच आवाज वेगवेगळ्या स्वरांच्या आधी जोडून लोकांना ऐकवला. ई च्या आधी जोडला तर लोकांना पी ऐकू आलं, ऊ च्या आधी पू, आणि आ च्या आधी का! आवाज तोच, अगदी तोच. कान शेजारच्या स्वराकडे बघून ठरवतो की आधी काय होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचताच आलं नाही, कारण याचा अर्थ असा होतो की अक्षर ही गोष्ट आवाजात सुटी कुठेच ठेवलेली नाही, ती आपण शेजारपाजारावरून जुळवतो.

मराठीत याचं सगळ्यात गोड उदाहरण म्हणजे आपला च, ज आणि झ. "माझा" म्हणताना जीभ दातांपाशी आणि "माझी" म्हणताना टाळूपाशी. त्याचा, त्याची. लिहिताना एकच अक्षर, पण पुढे ई आली, ए आला, य आला की च वर सरकतो. कुणी शिकवलेलं नसतं, मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला मात्र वर्षभर झुंजावं लागतं. आणि स चं तर लिहिण्यात पण उतरलंय, पैसा पण पैशाला, ससा पण सशाला, घसा पण घशात, मासा पण माशाचा. तिथे पूर्वी एक य होता, पैस्याला सारखं काहीतरी, त्याने स ला टाळूकडे ओढून श केलं आणि मग तो स्वतः मिटला. मध्य मधे जे झालं तेच. पुण्याच्या प्राध्यापकाच्या "घशात" या शब्दातला श आणि माझ्या फुईच्या मझार मधला झ ही एकाच य ची करणी.

शेजार नसला की कसं वाटतं हे ऐकायचं असेल तर भुसावळ जंक्शनला अर्धा तास बसा. इकडून सुरतेच्या गाड्या येतात, तिकडून नागपूरच्या, इटारसीच्या, सारखं चालू. अनाउन्समेंट होते ती आधी सुट्या सुट्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांची जोडलेली असते, एक, दोन, शून्य, मग गावाचं नाव, मग फलाटाचा नंबर. एकेक शब्द स्वच्छ. पण कुठलाच शब्द पुढच्याकडे झुकलेला नाही, "पाच" ला माहीतच नाही पुढे काय येणार, म्हणून ते माणसाचं बोलणं वाटत नाही, सवयीने कळतं. पुढे मशीनकडून बोलवून घेणारे लोक हुशार झाले, त्यांनी रेकॉर्डिंगचे तुकडे ध्वनीच्या सुरुवातीला नाही तर मधोमध कापायला सुरुवात केली, म्हणजे एका ध्वनीतून दुसऱ्यात जाण्याचा प्रवास तुकड्यात शाबूत राहतो. ऐकून लिहिणाऱ्या मशीनमधे पण बरीच वर्षं प्रत्येक ध्वनी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ध्वनीसकट तीन-तीनच्या जोडीने शिकवायचे. मशीनला शेजार दिल्याशिवाय तिला बोलणं समजलं नाही. अहिराणीची रेकॉर्डिंग अजून पुष्कळ जमवायला पाहिजेत, फोनला "करी ऱ्हायनू" सांगितलं तर तो भलतंच काहीतरी लिहितो, आणि हे काम आपल्यापैकीच कुणीतरी करायला पाहिजे, म्हाताऱ्या बायका आहेत तोवर.

परवा एक आई पोराला घेऊन आली, म्हणे "ताई, याले जरा शुद्ध बोलाले शिकाडा, शायामा हासतस त्याले." तिच्या काळजीत खोट काहीच नव्हती, तिने स्वतः ते हसणं सोसलेलं असणार. मी तिला म्हटलं लिहायला शिकवते, वाचायला शिकवते, पुस्तकाची मराठी तो अस्खलित बोलेल हे पण बघते, पण घरी तुमच्याशी बोलतो ते बिघडलेलं नाही, ते तसंच राहू द्या. तिला पटलं की नाही माहीत नाही. पण पोर येतंय.

त्याची खरी अडचण न आणि ण ची. आमच्याकडे बोलण्यात ण नाहीच, सगळा न, मग लिहिताना कुठे कुठला हे कानाला विचारून उपयोग नाही. "पाणी", "कोण", "आणि" हे सरळ पाठच करावे लागतात. पण संस्कृतातून आलेल्या शब्दांना एक किल्ली आहे आणि ती पण शेजाराचीच. त्याच शब्दात आधी र, ष किंवा ऋ असेल तर पुढच्या न चा ण होतो, "रषाभ्यां नो णः समानपदे". कारण, मरण, चरण, भाषण, पोषण, शिक्षण, ऋण. र आणि ष ला जीभ वर मागे वळते आणि ती तशीच वळलेली राहते, न येईपर्यंत. मधे अजून अक्षरं आली तरी चालतं, पण कुठली? अर्पण मधे प आहे, भ्रमण मधे म, ग्रहण मधे ह, श्रवण मधे व, रामायण मधे म आणि य. ओठांची अक्षरं, गळ्याची अक्षरं आणि य, जी जिभेच्या टोकाला हात लावत नाहीत. पण दर्शन, कीर्तन, वर्तन, प्रार्थना, गर्जना, रचना, प्रश्न, यांच्यात मधे श, त, थ, ज, च आलाय, जिभेला तिथे काम पडलं, ती खाली आली, वळण मोडलं, न न च राहिला. मला हे सूत्र कळलं तेव्हा असा आनंद झाला होता की काय सांगू, कारण हे व्याकरण नाही, हे कुणीतरी डोळे मिटून स्वतःच्या जिभेकडे लक्ष देऊन लिहून ठेवलेलं आहे.

पोरांना हा खेळ आवडतो. ती शब्द शोधून आणतात आणि मी उत्तर देते, कधी कधी मला पुस्तक काढून बघावं लागतं. त्या शिंत्खेडावाल्या मुलीने विचारलं रामनाम मधे ण का नाही, मी सांगितलं दोन शब्द आहेत, सूत्रात "समानपदे" म्हटलंय, एकाच शब्दात. तर लगेच तिचं पुढचं तयार, मग शूर्पणखा? शूर्प म्हणजे सूप, नख म्हणजे नखं, दोन शब्दच की. त्याला पाणिनीने पुढचं वेगळं सूत्र दिलंय, विशेषनाम असलं तर दोन शब्दांच्या मधली हद्द धरत नाहीत, ते एकच नाव म्हणून बोललं जातं.

मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं, उत्तरायण ला ण आणि दक्षिणायन ला न. "ताई, आठे तं ष पन शे, क्ष मा, मंग न कसा?" इथे तर क्ष मधे ष पण आहे, मग न कसा. मी तिला दोन्ही शब्द हळूहळू, जिभेकडे लक्ष देऊन म्हणायला सांगितलं. उत्तरायण मधे र नंतर फक्त य आणि स्वर. दक्षिणायन मधे ष चं वळण मधल्या ण ने घेतलं, जीभ टाळूला लागून मोकळी झाली, आणि शेवटच्या न पर्यंत ते पोचलंच नाही. ती परत परत म्हणून बघत होती, द-क्षि-णा-य-न, बोट गालावर दाबून, आणि मग म्हणाली ण मधेच थांबस ना ते.